अनामिक जाळ्याचा वेग

इंटरनेटवरून जाणारा मजकूर आता बहुतेक वेळा कुलूपबंद असतो. बँकेचा व्यवहार असो, व्हॉट्सॲपवरचा निरोप असो की सातबाऱ्यासाठी केलेला अर्ज, मधल्या कोणाला तो वाचता येऊ नये अशी सोय झालेली आहे. पण कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलले, ही माहिती कुलपाबाहेरच राहते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो आणि जोडणी पुरवणाऱ्या कंपनीपासून पलीकडच्या सर्व्हरपर्यंत सर्वांना तो दिसतो. ही माहितीही झाकली जावी म्हणून जी जाळी उभी राहिली, त्यांना अनामिक जाळी म्हणतात. त्यांत मध्यवर्ती सर्व्हर नसेल आणि प्रत्येक सदस्याचा संगणक इतरांची वाहतूकही पुढे नेत असेल, तर ते पीअर-टू-पीअर अनामिक जाळे होते. आयटूपी हे अशा जाळ्याचे ठळक उदाहरण. त्याची रचना आणि २००३ पासून त्याच्या विकासासाठी व वेगासाठी झालेले काम हा या व्याख्यानाचा विषय आहे. या कामातून एक सूत्र पुन्हा पुन्हा पुढे येते: अनामिक जाळ्यात वेग ही चैन नसून संरक्षणाचाच भाग आहे.

नाव झाकण्याची गरज

तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतील गैरप्रकार स्वतःच्या नावाने बाहेर काढले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली. बिहारमध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर असलेले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. तक्रार करणाऱ्याचे नाव उघड असणे किती महागात पडू शकते, याची ही उदाहरणे आहेत.

लहान गावात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गोंदिया जिल्ह्यात आधारभूत किमतीने होणारी धान खरेदी हा दर हंगामाचा मोठा व्यवहार असतो. एखाद्या केंद्रावर काटा मारला जातो, अशी तक्रार कोणाला करायची असेल, तर शे-दोनशे घरांच्या गावात तक्रारदार ओळखू यायला वेळ लागत नाही. पत्रावर नाव नसले, तरी कोणत्या जोडणीवरून ते गेले ही नोंद उरतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले. अनामिक जाळी हा अधिकार तंत्राच्या पातळीवर शक्य करण्याचा प्रयत्न करतात.

कल्पनेचा प्रवास

या क्षेत्राचा पाया डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये घातला. त्यांनी मांडलेल्या मिक्स या योजनेत टपाल सांभाळणारे संगणक अनेकांचे संदेश गोळा करतात, त्यांचा क्रम बदलतात आणि मगच पुढे सोडतात. आत गेलेला आणि बाहेर आलेला संदेश यांची जोडी लावणे त्यामुळे अवघड होते. यात विलंब मोठा असे. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ओनियन राउटिंग ही पद्धत विकसित झाली. संदेशावर एन्क्रिप्शनचे थरावर थर चढवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक संगणकाने एकच थर सोलायचा, असे तिचे तत्त्व आहे. प्रत्येकाला मागचा आणि पुढचा शेजारी तेवढा कळतो, संपूर्ण वाट कोणालाच कळत नाही. २००२ मध्ये सुरू झालेले टॉर याच पद्धतीवर चालते.

एडिनबरा विद्यापीठात शिकणाऱ्या इयन क्लार्क यांच्या १९९९ च्या प्रबंधातून फ्रीनेट निघाले. त्यात मजकूर सदस्यांच्याच संगणकांवर तुकड्यातुकड्यांनी साठवला जातो आणि जास्त मागणीच्या मजकुराच्या प्रती आपोआप पसरतात. २००३ मध्ये आयटूपीचे काम सुरू झाले. टॉरमध्ये वाहतूक पुढे नेण्याचे काम काही हजार स्वयंसेवी रिले करतात आणि सर्वसाधारण वापरकर्ता फक्त वापर करतो. आयटूपीत वापरणारा आणि वाहून नेणारा असा भेद मुळात नाही. त्यामुळे तिथे वेगाचा प्रश्न थेट प्रत्येक सदस्याच्या संगणकाशी आणि जोडणीशी येऊन भिडतो.

आयटूपीची रचना

आयटूपी चालवणाऱ्या संगणकातील प्रोग्रामला राउटर म्हणतात. प्रत्येक राउटर इतर राउटर निवडून बोगदे बांधतो. बोगदा एकाच दिशेचा असतो, पाठवण्यासाठी एक आणि घेण्यासाठी दुसरा. सर्वसाधारणपणे एका बोगद्यात तीन टप्पे असतात आणि त्याचे आयुष्य दहा मिनिटे. मुदत संपण्याआधी नवा बोगदा तयार ठेवावा लागतो. बोगद्यातून जाणारा प्रत्येक संदेश १,०२४ बाइटच्या ठरावीक आकाराचा असतो. आकार सारखा असल्याने त्यावरून आतल्या मजकुराचा अंदाज बांधता येत नाही. अनेक संदेश एकाच वेष्टनात बांधण्याच्या सोयीमुळे या पद्धतीला गार्लिक राउटिंग, म्हणजे लसणाच्या गड्ड्यासारखी रचना, असे नाव पडले.

कोणते राउटर उपलब्ध आहेत आणि कोणती सेवा कोणत्या बोगद्याच्या तोंडाशी भेटेल, याची नोंदवही नेटडीबी या विखुरलेल्या साठ्यात असते. हा साठा फ्लडफिल नावाचे, पुरेशी क्षमता असलेले राउटर सांभाळतात. मध्यवर्ती कार्यालय कुठेच नाही.

वेळ कुठे जातो

पाठवणाऱ्याच्या बोगद्यात तीन आणि घेणाऱ्याच्या बोगद्यात तीन, असे एका दिशेला सहा टप्पे होतात. उत्तर येण्यासाठी आणखी सहा. प्रत्येक टप्प्याला सरासरी १०० मिलिसेकंद धरले, तर प्रश्न जाऊन उत्तर यायला १.२ सेकंद लागतात. साध्या इंटरनेटवर हेच काम त्याच्या काही अंशात होते.

विलंबाचा परिणाम केवळ वाट पाहण्यापुरता नसतो. पोच मिळेपर्यंत किती संदेश हवेत ठेवायचे, याला खिडकी म्हणतात. आयटूपीच्या स्ट्रीमिंग व्यवस्थेत खिडकीची कमाल मर्यादा १२८ संदेश आणि एका संदेशाचा आकार १,७३० बाइट असताना एका फेरीत जास्तीत जास्त २,२१,४४० बाइट पाठवता येत. फेरीला १.२ सेकंद लागत असतील, तर जोडणी कितीही मोठी असली तरी वेग सेकंदाला सुमारे १८५ किलोबाइटच्या वर जात नाही. टॉरमध्येही असेच घडत असे. तिथे एका मार्गावर १,००० सेलची, म्हणजे ठरावीक आकाराच्या संदेशांची, खिडकी ठरलेली होती आणि २०२२ मध्ये गर्दीनुसार बदलणारी नवी पद्धत आल्यावर ती बंधने सैल झाली.

दुसरे कारण टप्प्यांच्या असमानतेत आहे. धानाच्या शेतात पाणी एका बांधीतून दुसरीत उतरते, तेव्हा शेवटच्या बांधीत पाणी किती येईल हे सर्वांत अरुंद तोंडाच्या धुऱ्यावर ठरते. बोगद्याचेही तसेच आहे: तीनपैकी दोन राउटर फायबरवर असले आणि तिसरा कमजोर मोबाइल जोडणीवर असला, तर तिसऱ्याचा वेग तोच बोगद्याचा वेग. तिसरे कारण एन्क्रिप्शनच्या गणिताचे. प्रत्येक टप्प्यावर थर सोलायला प्रोसेसरचा वेळ जातो आणि नवा बोगदा बांधताना लागणारे किल्ल्यांचे गणित त्याहून जड असते. चौथे कारण अपयशाचे. बोगदा बांधण्याची विनंती वाटेत हरवली किंवा एखाद्या राउटरने नाकारली, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

वेग वाढवण्याचे उपाय

पहिला उपाय म्हणजे सोबती नीट निवडणे. आयटूपीचा राउटर ज्या ज्या राउटरशी त्याचा संबंध येतो, त्यांची आपल्यापुरती नोंद ठेवतो: किती बोगदे यशस्वी झाले, किती विनंत्या नाकारल्या गेल्या, किती वेगाने माहिती पुढे गेली. त्यावरून तो वेगवान आणि भरवशाचे राउटर वेगळे काढतो आणि महत्त्वाच्या बोगद्यांसाठी तेच वापरतो. यातला विचार लक्षात घेण्याजोगा आहे. दुसरा राउटर स्वतःबद्दल काय सांगतो यावर निवड ठरत नाही, आलेल्या अनुभवावर ठरते. जो राउटर स्वतःला फार वेगवान म्हणवून घेईल त्याच्याकडेच सगळी वाहतूक वळली, तर पाळत ठेवणाऱ्याला खोटे बोलून अनेकांच्या मार्गात बसता येईल. म्हणून निवडीला इतरही बंधने आहेत. एकाच /१६ पत्त्याच्या गटातले, म्हणजे आयपी पत्त्याचा पहिला अर्धा भाग सारखा असलेले, दोन राउटर एका बोगद्यात घेतले जात नाहीत, कारण ते एकाच मालकाचे असण्याची शक्यता जास्त.

दुसरा उपाय बोगदा बांधण्याच्या पद्धतीतला. टॉरमध्ये मार्ग एकेक टप्प्याने लांबवला जातो, त्यामुळे प्रत्येक नव्या टप्प्यासाठी आधीच्या सगळ्या टप्प्यांतून फेरी मारावी लागते. आयटूपीने २००६ मध्ये एकाच संदेशात सर्व टप्प्यांच्या नोंदी घालून तो सगळ्यांकडून फिरवण्याची पद्धत आणली. प्रत्येक राउटर फक्त स्वतःची नोंद उघडतो आणि तिथेच उत्तर लिहितो. या संदेशात आठ नोंदी असत आणि प्रत्येक नोंद ५२८ बाइटची. मिळून ४,२२४ बाइट. असा संदेश बोगद्यातून पाठवायचा तर त्याचे अनेक तुकडे होत आणि एक तुकडा हरवला की सगळी विनंती वाया जाई. पुढे नव्या एन्क्रिप्शनच्या आधारे नोंद २१८ बाइटपर्यंत आणली गेली. अशा चार नोंदी ८७२ बाइटमध्ये बसतात, म्हणजे १,०२४ बाइटच्या एकाच संदेशात. तुकडे करण्याची गरजच संपली.

तिसरा उपाय एन्क्रिप्शन बदलण्याचा. सुरुवातीला आयटूपी २,०४८ बिटांची एलगमाल पद्धत वापरत असे. ती सुरक्षित होती, पण जुन्या प्रोसेसरला भारी पडे. प्रत्येक संवादासाठी संदेश ओळखण्याच्या खुणा, म्हणजे ३२ बाइटचे टॅग, आधीच मोठ्या संख्येने पाठवून ठेवावे लागत. २०२० च्या सुमारास त्याजागी एक्स २५५१९ या किल्ली-विनिमयावर आधारलेली पद्धत आली. तिच्यात दोन्ही बाजू ८ बाइटचे टॅग आपापल्या ठिकाणी गणिताने तयार करतात, त्यामुळे ते पाठवण्याचा खर्च वाचतो.

चौथा उपाय राउटर-राउटरमधल्या वाहतुकीचा. टीसीपीवर चालणारी एनटीसीपी आणि यूडीपीवर चालणारी एसएसयू या दोन जुन्या पद्धतींच्या जागी २०१८ मध्ये एनटीसीपी२ आणि २०२२ मध्ये एसएसयू२ आली. पाहणाऱ्याला हा आयटूपीचाच व्यवहार आहे हे ओळखणे त्यांमुळे अवघड झाले आणि जोडणी सुरू करताना लागणारे गणितही हलके झाले. पाचवा उपाय रांगांचा. राउटरपाशी संदेश साचून राहिले, तर हरवण्यापेक्षा उशिराने येणे जास्त त्रासदायक ठरते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेत किती वेळ गेला ते पाहते आणि फार वेळ तिष्ठत पडलेले संदेश टाकून देते. आयटूपीने ती स्वीकारली.

वेगाची मर्यादा

हे सगळे करूनही अनामिक जाळे साध्या जाळ्याइतके वेगवान होणार नाही. हे केवळ अभियांत्रिकीच्या कमतरतेमुळे नाही, गणितातूनच तसे निघते. पवईच्या आयआयटी मुंबईतून एम.टेक. झालेले अनिकेत काटे यांनी या विषयात महत्त्वाचे काम केले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात संशोधन करत असताना २००७ मध्ये त्यांनी ग्रेग झावेरुका आणि इयन गोल्डबर्ग यांच्यासह पेअरिंग या गणिती क्रियेवर आधारित ओनियन राउटिंगची योजना मांडली. तिच्यात टप्प्याटप्प्याने फेऱ्या न मारता एकाच खेपेत मार्ग बांधता येतो. त्याची किंमत म्हणून किल्ल्या देणाऱ्या व्यवस्थेवर थोडा विश्वास ठेवावा लागतो. पुढे पर्ड्यू विद्यापीठात असताना देबज्योती दास, सेबास्टियन मायझर आणि इस्फंदियार मोहम्मदी यांच्यासह २०१८ मध्ये त्यांनी सिद्ध केले की भक्कम अनामिकता, कमी विलंब आणि कमी अतिरिक्त बँडविड्थ या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. तिन्हींपैकी दोन साधल्या तर तिसरीची किंमत मोजावी लागते.

या निष्कर्षामुळे विकासकाचे काम नेमके होते. त्याला सगळे एकदम मिळवायचे नसते. कोणत्या वापरकर्त्याला किती विलंब चालतो, किती जादा वाहतूक परवडते, हे ठरवून त्या चौकटीत जास्तीत जास्त संरक्षण द्यायचे असते. आयटूपीत बोगद्याची लांबी वापरकर्त्याला बदलता येते ती याचसाठी. फाइल उतरवताना एक टप्पा कमी करणे आणि जिवावर बेतू शकेल अशी तक्रार पाठवताना तो कायम ठेवणे, हा निर्णय ज्याला धोका आहे त्याच्याच हातात राहतो.

वेग आणि संरक्षण यांचे नाते मात्र नेहमीच परस्परविरोधी नसते. टॉरचे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की अनामिकता ही गर्दीवर अवलंबून असते. जाळे वापरायला कठीण आणि मंद असेल, तर लोक सोडून जातात. उरलेल्या मोजक्या लोकांमधून एखाद्याला ओळखणे सोपे होते. म्हणून योग्य जागी वाचवलेला प्रत्येक मिलिसेकंद जाळ्यात माणसे टिकवतो आणि टिकलेली माणसे एकमेकांना झाकतात.

मोजमाप आणि विश्वास

कोणताही वेग मोजल्याशिवाय सुधारत नाही. अनामिक जाळ्यात मोजमापाची अडचण अशी की वापरकर्त्यांची वाहतूक तपशिलात नोंदवणे म्हणजे जाळ्याचा हेतूच मोडणे. म्हणून विकासक तीन मार्ग वापरतात: स्वतःच्या राउटरवर आलेली एकंदर आकडेवारी, बंदिस्त चाचणी जाळ्यावरचे प्रयोग आणि संगणकावरील सिम्युलेशन. बोगदे बांधण्याच्या यशाचे प्रमाण, संदेश रांगेत थांबण्याचा वेळ आणि प्रोसेसरवरचा भार हे आकडे व्यक्तीची ओळख न उघडता मिळतात.

स्रोत खुला असणे इथे अपरिहार्य आहे. ज्या प्रोग्रामवर कोणाचा जीव अवलंबून असू शकतो, त्याचा स्रोत तपासता आला पाहिजे. आयटूपीच्या इतिहासात खुलेपणाचा दुसरा फायदाही दिसून आला. जेरँडम या टोपणनावाने काम करणारा मूळ मुख्य विकासक २००७ च्या अखेरीस प्रकल्पातून बाजूला झाला. खऱ्या नावाने तो कोण होता हे सहकाऱ्यांनाही माहीत नव्हते. स्रोत, दस्तऐवज आणि चर्चेच्या नोंदी सर्वांसमोर होत्या, त्यामुळे झेडझेडझेड आणि इतर स्वयंसेवकांनी काम पुढे चालवले. जाळ्याचे संदेश कसे असावेत याची वर्णने लेखी आणि खुली असल्यानेच मूळ जावा प्रोग्रामशेजारी सी++ मधला आयटूपीडी हा स्वतंत्र राउटर तयार झाला आणि दोन्ही एकाच जाळ्यात एकत्र चालतात.

दुर्बल जोडणीचा सदस्य

जाळ्याचा वेग वाढवण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे फक्त डेटा सेंटरमधले बलवान राउटर ठेवणे. तसे केले तर सगळी वाहतूक मोजक्या मालकांच्या हातात जाईल आणि पीअर-टू-पीअर या कल्पनेला अर्थ उरणार नाही. म्हणून गोंदियासारख्या जिल्ह्यातला सदस्य हा या अभियांत्रिकीची खरी कसोटी आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत अनेकांचे इंटरनेट म्हणजे मोबाइलच. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा राउटरला बाहेरून थेट गाठता येत नाही. आयटूपीत यावर उपाय आहे: बाहेरून गाठता येणारा दुसरा राउटर ओळख करून देतो आणि मग दोघांची थेट यूडीपी जोडणी होते. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी, मोठी व्यवस्था मिळत असेल तर ही अडचण बरीच कमी होते.

वीज जाणे ही दुसरी बाब. राउटर अचानक बंद पडला, की त्याच्यातून जाणारे इतरांचे बोगदे तुटतात. म्हणून बंद करताना सावकाश बंद होण्याची सोय दिलेली आहे. ती निवडली की राउटर नवे बोगदे घेणे थांबवतो आणि चालू बोगद्यांची दहा मिनिटांची मुदत संपेपर्यंत थांबतो. घरी छोटा इन्व्हर्टर असला तर एवढी उसंत मिळते. तिसरी बाब घड्याळाची. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की दर वेळी तारीख-वेळ चुकते. वेळेत साधारण एक मिनिटाहून जास्त फरक असेल, तर इतर राउटर जोडणी नाकारतात. राउटर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो खरा, पण जोडणी वारंवार तुटत असेल तर आधी सेल बदलणे शहाणपणाचे. किती बँडविड्थ वाटून द्यायची हेही सदस्यच ठरवतो. जाहीर केलेल्या क्षमतेनुसार राउटरचे वर्ग केलेले आहेत आणि सेकंदाला १२ किलोबाइटपेक्षा कमी देणाऱ्यासाठीही त्यांत वर्ग आहे. थोडे देणाऱ्याला बाहेर काढायचे नाही, त्याच्यावर त्याच्या बळाबाहेरचे ओझे टाकायचे नाही, हे या रचनेचे धोरण आहे.

हल्ले, गैरवापर आणि कायदा

खुल्या जाळ्यात शत्रूही सदस्य होऊ शकतो. २०२३ च्या सुरुवातीला आयटूपीच्या फ्लडफिल राउटरांवर मोठा भडिमार झाला आणि बोगदे बांधण्याचे यश घसरले. पुढच्या आवृत्त्यांमध्ये संशयास्पद राउटर ओळखणे, विनंत्यांवर मर्यादा घालणे आणि जास्त भाराखालीही तग धरणे यांवर काम झाले. वेगाच्या सुधारणा आणि संरक्षणाच्या सुधारणा एकाच हातून व्हाव्या लागतात, हे त्या काळात स्पष्ट झाले.

अशा जाळ्यांचा गुन्ह्यासाठी वापर झालेला आहे, हेही खरे. तरी तपास अशक्य होत नाही. टॉरवरचा सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद झाला. त्याच्या चालकाने सुरुवातीच्या काळात उघड संकेतस्थळांवर टाकलेल्या मजकुराने त्याचा माग दिला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली शासनाला संदेश अडवण्याचे व उकलण्याचे अधिकार आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. त्यानंतर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. पीअर-टू-पीअर जाळ्यात अशी नोंद ठेवणारी एखादी कंपनीच नसते. त्यामुळे खासगीपणा आणि तपास यांचा तोल साधण्याची जबाबदारी पुट्टस्वामी निकालाने सांगितलेल्या कसोट्यांवर येते: कायद्याचा आधार, खरी गरज आणि प्रमाणबद्धता.

अनामिक जाळ्यातील सुधारणेचे मोल ठरवताना चार प्रश्न विचारावे लागतात. सरासरीपेक्षा सर्वांत कमजोर सदस्याचा वेग वाढला का? त्या वेगासाठी काही मोजक्या राउटरांवर भिस्त वाढली का? मोजमाप करताना कोणाची ओळख उघडी पडली का? आणि बदल कोणालाही तपासता येईल असा खुला आहे का? २१८ बाइटची नोंद, ८ बाइटचे टॅग आणि प्रत्येक राउटरने आपल्यापुरती ठेवलेली सोबत्यांची नोंदवही या सुधारणा चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देतात. ज्या सुधारणा यांपैकी एखाद्याही प्रश्नावर अडखळतात, त्या वेग देतात, पण ज्याच्यासाठी जाळे उभारले त्या माणसाला उघड्यावर सोडतात. त्यांचा स्वीकार जाळ्याने करू नये.